चालेल

सात नंबरचा स्लिंग, सोळा एमएम, लांबी चार मीटर.
रजिस्टरचं पान एकेचाळीस,
अक्षर माझं.
शेरा: चालेल.

सेलूच्या अलीकडं, दुधनेवरच्या पुलाचं काम.
पत्र्याच्या स्टोअरात मी,
माझ्याकडं बोल्ट, वायसर, ग्रीसचे डबे
आणि एकोणीस हेल्मेटं,
जी तपासणीच्या दिवशी डोक्यांवर जातात
आणि संध्याकाळी मोजून परत येतात.
एकदा अठराच आली.
दोन दिवस मी हेल्मेट शोधत होतो,
डोकं कुणाचं ते विचारायचं सुचलं नाही.

तारेचा दोर तपासायची रीत
मला एका म्हाताऱ्या रिगरनं शिकवली होती.
जुनी चिंधी मुठीत धरायची,
दोरावरून हळू ओढत न्यायची.
जिथं तार तुटलेली
तिथं चिंधी अडते.

त्या मंगळवारी चिंधी तीनदा अडली.
मी काळदाते साहेबांकडं पाहिलं.
साहेब फोनवर होते,
शनिवारच्या आत पिअर कॅप भरायची, वरून तारीख आलेली.
मान न वळवता म्हणाले, चालेल.
मग मीही तिमाहीचा हिरवा रंग घेतला
आणि अडलेल्या जागी
जरा जाडच हात मारला.

हायड्रावर चाँदपाशा.
काळ्या मातीत रुतणारं पुढचं चाक दाखवून म्हणाला,
खाली फळ्या पायजेत.
फळ्या पुलाच्या दुसऱ्या टोकाला.
चालेल.
साचा हवेत फिरू नये म्हणून बांधायची दोरी
टँकरवाल्यानं नेलेली.
मुंजा म्हणाला, हातानंच धरतो की.
मुंजा, वय तेवीस, मानवतकडचा,
पायात निळी स्लिपर,
तुटलेला अंगठा बायंडिंग तारेनं जोडलेला.
चालेल.

एवढे सगळे एकावर एक रचून
आम्ही नऊशे किलो उचलले.

आवाज फार मोठा झाला नाही.
पोत्याची शिवण उसवावी तसा.
एक तार, मग तीन, मग उरलेल्या.
मोठा आवाज नंतरचा, चाँदपाशाच्या हॉर्नचा.
त्याचा हात बटणावरून निघेचना.
साचा खाली पडून होता,
त्याखालून मुंजा बाहेर होता
गुडघ्यापर्यंतच,
आणि हॉर्न वाजतच होता.
शेवटी कुणीतरी बॅटरीची वायर उपटली.

परभणीच्या सरकारी दवाखान्यात
मुंजाच्या आईनं पदर पसरला नाही,
कुणाच्या पाया पडली नाही.
डॉक्टरला नुसतं विचारलं,
"चालंल का?"

डॉक्टर पोरगेलासा. कागद चाळत राहिला.
मी भिंतीला टेकून उभा होतो,
खिशात हात घालून.
तोच शब्द.
एका अनुस्वाराचा काय तो फरक.

नंतर चौकशीला माणसं आली.
त्याच्या आदल्या रात्री साहेब स्टोअरात येऊन
नेहमीपेक्षा हळू बोलले,
पान बदलता येतं.
मी बदललं नाही.
यात शौर्य काही नाही;
वही शिवलेली होती
आणि पानांवर छापील नंबर होते.
तसं नसतं तर मी काय केलं असतं,
हे मला अजून नीट माहीत नाही.

नवे स्लिंग आले आहेत. तेलाचा वास येतो त्यांना.
चिंधी मात्र तीच, माझ्या पँटच्या खिशात.
बायको धुवायला काढून ठेवते,
मी परत घालतो.

काल फाट्यावरच्या हॉटेलात
पोऱ्या म्हणाला,
काका, दूध संपलंय, काळा चालेल का?

किती साधं विचारलं त्यानं.
मी बराच वेळ
त्याच्या पायांकडं पाहत राहिलो.